वहिनींच्या फाइलमधली नोंद

४ फेब्रुवारी

भाऊजी,

पाकीट बघून दचकू नका, कुणाला काही झालेलं नाही. फोनवरच सांगणार होते, पण डेपोत प्रत्येकाचे कान टवकारलेले असतात आणि घरी आल्यावर बोलायचं त्राण राहत नाही. म्हणून लिहिते.

सोमवारी मला गाडीवरून उतरवलं. अक्षरशः उतरवलं. पाच-चाळीसची पहिली फेरी, इंजिन चालू, आरसे पुसून झालेले, दहा-बारा माणसं आत बसलेली. डेपोचे साहेब हातात कागद घेऊन आले आणि म्हणाले, “बाई, जरा खाली या.” मला वाटलं मागचा दिवा गेलाय. कागदात लिहिलं होतं की मोफत उपचारांच्या नव्या कायद्याने सगळ्यांच्या आरोग्याच्या फाइली एकत्र केल्या, त्या परिवहन खात्याने चालकांच्या यादीशी ताडून बघितल्या, आणि माझ्या नावापुढे ‘झटके येण्याचा पूर्वेतिहास’ अशी नोंद निघाली. नऊ वर्षांपूर्वीची. पुढचा हुकूम येईपर्यंत स्टेअरिंगला हात लावायचा नाही.

साहेब माझ्याहून जास्त ओशाळले होते. “बावीस वर्षांत तुमच्या गाडीला ओरखडा नाही आणि हे काय नवीन काढलंय,” म्हणाले आणि हसले. दुसऱ्या चालकाला घरून बोलावून आणलं. गाडी पंचवीस मिनिटं उशिरा सुटली. मी गेटपाशी उभी राहून बघितली. तो अजूनही गिअर टाकताना खडखड करतो.

मला आता हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत बसवलंय. छत्र्या, चष्मे, डबे, एक कवळी. कवळीशिवाय तो माणूस घरी पोचला कसा, हा आमच्याकडे सध्या मोठा चर्चेचा विषय आहे.

या कायद्यासाठी तुम्ही किती वर्षं घसा कोरडा केलात ते मी बघितलंय. तुमच्या एका सभेला मी मागच्या रांगेत बसले होते, तुम्हाला सांगितलं नव्हतं. तुमच्या वर ओळखी आहेत, म्हणून तुम्हालाच विचारते. पगार चालू आहे, त्याची काळजी नाही. मला एवढंच कळायला हवं की हे लिहिलं कुणी. माझ्याबद्दल असं कोण कुणाला सांगायला जाईल?

जेवत जा वेळेवर.

वहिनी


१५ फेब्रुवारी

वहिनी,

तुमचं पत्र दवाखान्यात आलं तेव्हा बाहेर सत्तरेक माणसं होती. आता रोजच असतात. बाक पुरत नाहीत म्हणून जिन्याच्या पायऱ्यांवर बसतात. कुणी कार्ड दाखवत नाही, ‘डॉक्टर, हे विम्यात बसतं का’ असं कुणी विचारत नाही. नाव सांगतात आणि आत येतात. काल एका सुताराने शर्ट वर करून पोटावरची गाठ दाखवली. कधीपासून आहे, विचारलं. म्हणाला, सहा वर्षं झाली असतील. आधी का नाही आलात, हे मी विचारायचं सोडून दिलंय.

काउंटरवरच्या बाई तुम्हाला आठवत असतील, विमा कंपनीशी फोनवर भांडायच्या त्या. वीस वर्षं भांडल्या. आता तो फोनच काढून नेला. भिंतीवर त्याचं चार भोकांचं निशाण आहे, त्याच्याखाली बसून त्या पेन्सिली तासतात. परवा म्हणाल्या, “इथे भांडायला कुणी उरलं नाही डॉक्टर, तर माझं आता घरी भांडण व्हायला लागलंय.” मी हसलो असेन.

कायदा झाला त्या दिवशी लोकांनी दवाखान्यात येऊन माझे हात हातात घेतले. एका म्हाताऱ्या बाईंनी तर डोक्यावर हात ठेवला. मला वाटलं होतं, आतून काहीतरी उसळून येईल. मी बेसिनपाशी जाऊन बराच वेळ हात धूत राहिलो, मग पुढच्या पेशंटला बोलावलं. थकवा असेल. वीस वर्षं ओझं उचललेल्या माणसाला ते खाली ठेवल्यावर हात जागेवर आहेत की नाहीत ते कळत नाही, तसं काहीतरी.

तुमच्या नोंदीचं बघतो. जुन्या फाइली जोडताना बरेच घोळ झालेले आहेत. तुम्ही फाइलची प्रत मागायची घाई करू नका. अर्ज केला की प्रकरण वरच्या टेबलावर जातं आणि तिथे लोळत पडतं. थोडे दिवस द्या मला.

तुमचा दीर


२ मार्च

भाऊजी,

तुमचं पत्र यायच्या आधीच मी अर्ज करून बसले होते. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. आणि वरच्या टेबलाचं म्हणाल तर तिथल्या मुलीने आठ दिवसांत प्रत हातात ठेवली, वर पाणी विचारलं. तुमचा कायदा चांगला चालतोय.

प्रतीत डॉक्टरचं नाव नाही. नाव देत नाहीत म्हणे, फक्त नोंदणी क्रमांक देतात. तो मी या पत्राच्या मागे लिहिलाय. वैद्यकीय परिषदेच्या यादीत बघितलं की तुम्हाला लगेच सापडेल. तेव्हा माझं डोकं दुखायचं आणि तुम्ही मला मोठ्या इस्पितळात स्कॅनला पाठवलं होतंत, ती तारीख आणि या नोंदीची तारीख जवळजवळ एकच आहे. तिथल्याच कुणीतरी लिहिलं असणार. तुमच्या दादांचं डायलिसिसचं मशीनही त्याच इस्पितळात होतं. मशीनवर पडल्या पडल्या ते नर्सशी, वॉर्डबॉयशी, ज्याच्याशी त्याच्याशी गप्पा मारायचे. काय काय बोलून गेले असतील, आता कुणाला विचारणार?

डेपोत लोक वाईट वागत नाहीत, तेच जड जातं. कंडक्टरबाई माझ्या हातातून चहाचा कप काढून घेते. मी जिना चढायला लागले की कुणीतरी मागे येऊन उभं राहतं. ज्या पोराला मी गाडी मागे घ्यायला शिकवलं, तो काल मला म्हणाला, “मावशी, तुम्ही बसून घ्या ना.” मी बसले.

नंबर बघून कळवा.

वहिनी


११ एप्रिल

वहिनी,

उत्तर द्यायला चाळीस दिवस लावले. दवाखान्याची गर्दी हे कारण देणार नाही.

तो नंबर माझा आहे.

तुमचं डोकं तेव्हा चार महिने दुखत होतं. मी स्कॅन लिहून दिला. विमा कंपनीच्या माणसाने फोनवर सांगितलं, नुसत्या डोकेदुखीला स्कॅन यादीत बसत नाही, तीन महिने गोळ्या द्या, मग अर्ज करा. यादीत काय बसतं, मी विचारलं. माणूस भला होता. म्हणाला, “डॉक्टर, असं करू, मी यादी वाचतो, तुम्ही ऐका.” वाचत गेला. चौथ्या का पाचव्या ओळीत झटके होते. मी म्हटलं, हो, झटके आलेत. तो म्हणाला, मग तसं लिहून पाठवा. दोन दिवसांत मंजुरी आली, स्कॅन साफ निघाला. आपण सगळे तुमच्याकडे जेवलो आणि दादाने त्या दिवशी पथ्य मोडलं. नोंद मी विसरून गेलो. तुमची डोकेदुखी पुढे आपोआप थांबली.

ती एकच नाही. पहिल्यांदा असं लिहिलं तेव्हा माझी रात्रीची झोप उडाली होती. नंतर हात आपसूक लिहायला लागला. एका मुलाच्या छातीचा फोटो हवा होता, त्याला दमा लिहिला. शेजारच्या शिंप्याला तपासणी हवी होती, त्याला एक हार्ट अटॅक देऊन टाकला. सभेत मी म्हणायचो की या कंपन्या डॉक्टरांना खोटं बोलायला लावतात. टाळ्या पडायच्या. लोकांना वाटायचं मी दुसऱ्या डॉक्टरांबद्दल बोलतोय. मलाही तसंच वाटत असावं.

पूर्वी ती खोटी माहिती ज्या त्या कंपनीच्या कपाटात पडून होती. कंपनी बदलली की कपाट बदलायचं. आता एकच फाइल आहे, आणि ती माणसाच्या पुढे पुढे चालते. आम्हीच मागितली होती तशी. शिंप्याचं हर्नियाचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं, कारण भूल देणाऱ्या डॉक्टरला तो हार्ट अटॅक दिसतो. शिंपी त्याला सांगतो, मला असं काही झालं नव्हतं. डॉक्टर म्हणतो, पेशंटला आठवत नाही.

तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हाच मला कळलं होतं. तेव्हा लिहिलं नाही.

माझ्याबरोबर शिकायला असलेला लंबू आता आरोग्य योजनेच्या कचेरीत वरच्या खुर्चीवर आहे. त्याच्याकडे गेलो होतो. त्याने दार लावून घेतलं. म्हणाला, “वहिनींचा कागद आण, लेखनिकाची चूक म्हणून दुरुस्त करून देतो. दोन ओळींचं काम.” मी म्हटलं, बाकीच्यांचं? म्हणाला, “बाकीचे आलेत का तुझ्याकडे? कायद्याला अजून वर्ष झालेलं नाही. विरोधक टपून बसलेत. तू उभा राहून सांगणार की मीच खोटं लिहीत होतो, तर उद्या ते म्हणतील, बघा, यांच्या फाइलींवर विश्वास ठेवायचा? एक वर्ष गप्प बस. माझ्यासाठी बस.” चहा मागवला. आम्ही प्यायलो.

काउंटरवरच्या बाईंना कुठून कळलं कुणास ठाऊक. त्या आत येऊन म्हणाल्या, “लेखनिक म्हणजे मीच ना? टाका माझ्या नावावर. मी जूनमध्ये निवृत्त होतेय, मला कोण काय करणार?” त्या खरंच तयार होत्या. मी त्यांना बाहेर जाऊन पुढचा पेशंट पाठवायला सांगितलं.

मी सगळ्यांचं मिळून प्रतिज्ञापत्र देणार आहे. परिषद चौकशीला बोलावेल. सही, म्हणजे डॉक्टरकीचा परवाना, काही काळ काढून घेतील, कदाचित कायमची. हे लिहिताना काहीतरी वाटायला हवं, हे मला समजतंय. वाटत नाही. तुमची माफी कुठल्या शब्दात मागायची तेही सुचलं नाही, म्हणून पत्र इथेच थांबवतो.

तुमचा दीर


१७ एप्रिल

भाऊजी,

पत्र मिळालं. तीनदा वाचलं.

प्रतिज्ञापत्र देऊ नका. द्यायचंच असेल तर बाकीच्यांचं द्या, माझं नाव त्यातून वगळा. मी छत्र्यांच्या खोलीत बरी आहे, निवृत्तीला सहा वर्षं उरलीत, ती निघून जातील.

तुमच्यावर राग नाही. का म्हणून विचारू नका, एवढं माझं ऐका. दिलं असेल तर लगेच कळवा.

वहिनी


२० मे

वहिनी,

तुमचं पत्र पोचलं तेव्हा प्रतिज्ञापत्र देऊन चार दिवस झाले होते. कळवायला उशीर केला, कारण सुनावणी होईपर्यंत सांगण्यासारखं काही नव्हतं.

सुनावणी गेल्या आठवड्यात झाली. लांबट खोली, हिरव्या कापडाचं टेबल, पाच जण. त्यांतला एक माझा जुना विद्यार्थी, त्याला मी एकदा नापास केलं होतं. तो माझ्याकडे न बघता कागद लावत होता. एकेक नाव वाचायचे आणि अध्यक्ष विचारायचे, “ही नोंद करताना रुग्णाने तसं काही सांगितलं होतं का?” मी ‘नाही’ म्हणायचो. मग पुढचं नाव. एकेचाळीस नावं होती. तुमचं तेविसावं. सतराव्याच्या सुमारास अध्यक्षांना ठसका लागला म्हणून पाणी आणेपर्यंत थांबलो. त्या वेळात नापास झालेला म्हणाला, “सर, तुम्ही बसून उत्तरं दिली तरी चालेल.” तोपर्यंत मी उभा आहे हे माझ्या लक्षात नव्हतं.

सही सहा महिन्यांसाठी काढून घेतली. अध्यक्ष शेवटी म्हणाले की हेतू चांगला होता हे परिषदेला मान्य आहे. ते ऐकून मला जरा बरं वाटायला हवं होतं.

पेपरात दोन दिवस आलं. सभागृहात एकाने माझं प्रतिज्ञापत्र हलवून दाखवलं आणि विचारलं की असल्या डॉक्टरांच्या भरवशावर सगळ्या देशाला फुकट औषध देणार का. तिसऱ्या दिवशी त्यांना दुसरा विषय मिळाला. लंबूचा फोन नाही. शिंप्याचं ऑपरेशन झालं. तो घरी चालत येऊन माझ्याकडच्या पँटची उसवलेली शिवण घालून देऊन गेला.

दवाखान्यात दुसरी डॉक्टर आली आहे. गर्दी तेवढीच आहे. मी घरी असतो. सकाळी सवयीने दाढी करतो.

सोबत तुमचा हुकूम आहे. नोंद रद्द झाली, १ जूनपासून तुम्ही गाडी चालवू शकता. मला वाचवायला तुम्ही निवृत्तीपर्यंत छत्र्या मोजायला तयार झाला होतात, हे मला कळलं. दादाच्या आजारपणातही तुम्ही असंच करायचात, सगळं अंगावर घ्यायचात. या वेळी तुमचं ऐकलं नाही. तेवढं एक बरोबर केलं असं म्हणतो.

तुमचा दीर


२ जून

भाऊजी,

काल पाच-चाळीसची गाडी मी नेली. डेपोत सगळे टाळ्या वाजवायला गेटपर्यंत आले. चार फेऱ्या केल्या. काही झालं नाही. घरी आले, डबा घासला, आणि आज सकाळी दहा दिवसांची रजा टाकली. साहेब म्हणाले, “काय बाई, चार महिने बसून होतात, आता रजा?” मी म्हटलं, कंबर धरलीय.

मी तुम्हाला वाचवायला बघत नव्हते.

मला झटका आला होता. तुम्ही त्या फोनवर खोटं सांगितलंत त्याच्या तीन आठवडे आधी, आमच्या न्हाणीघरात. मला काही आठवत नाही. तुमच्या दादांनी आवाज ऐकून दार ढकललं. मी शुद्धीवर आले तेव्हा ते फरशीवर बसलेले, माझं डोकं त्यांच्या मांडीवर, तोंडात रक्ताची चव. जीभ चावली होती. त्यांना धड उभं राहवत नव्हतं त्या दिवसांत, आणि मला ओढून बाहेर घ्यायला बघत होते.

म्हणाले, आत्ताच्या आत्ता धाकट्याला फोन करतो. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, “भाऊजी डॉक्टर आहेत. कळलं तर त्यांना लिहावं लागेल. लिहिलं की माझी गाडी गेली. गाडी गेली की डेपोचा विमा गेला. आणि तुमचं मशीन कुणाच्या विम्यावर चालतंय?” आठवड्यातून तीनदा मशीन, भाऊजी. एक फेरी चुकली तरी त्यांचे पाय सुजून यायचे. त्यांनी मान फिरवली. मला तेव्हा वाटलं, माझ्यावर रागावलेत. डोकेदुखी मी तुम्हाला सांगितली, कारण डोकेदुखी कुणालाही सांगता येते.

म्हणून फेब्रुवारीत तो कागद आला तेव्हा मी गार पडले. ही गोष्ट जगात दोघांना माहीत होती, त्यांतली एक मी. म्हणजे तेच कुणापाशी तरी बोलले असणार, मशीनवर पडल्या पडल्या, त्या गप्पांच्या भरात. दोन महिने मी त्यांच्याशी मनात भांडत होते. माणूस जाऊन पाच वर्षं झाली आणि मी त्यांच्या फोटोकडे पाठ करून जेवत होते. मग तुमचं पत्र आलं की तुम्ही ते यादीतून उचललं. ते कुणालाही बोलले नव्हते. शेवटपर्यंत नाही. ते कळल्यावर मी खुर्ची वळवून घेतली. पण जेवण गेलं नाही.

दुसरा झटका दोन वर्षांपूर्वी आला. सुट्टीच्या दिवशी, स्वयंपाकघरात. जाग आली तेव्हा ओट्याखाली होते, भांडं जळून काळं झालं होतं. गॅस मी बंद केला की आपोआप विझला, ते आठवत नाही. मधल्या काळात काही नाही, निदान मला माहीत असलेलं. स्टेअरिंगवर कधीच नाही.

आता सांगायला हरकत काय होती? ह्यांचं मशीन थांबलेलं, तुमचा कायदा झालेला, कुणाचं औषध माझ्या नोकरीवर अडलेलं नाही. हे मी स्वतःला विचारते. लपवायचं कारण केव्हाच संपलं आणि लपवणं तेवढं उरलं. माझ्या अंगवळणी पडलं ते.

काल चौथ्या फेरीला मी आरशात माणसं मोजली. त्रेपन्न होती. पुढच्या सीटवर एक बाई बाळाला घेऊन झोपली होती. मी झोपू दिलं, तिच्या थांब्याला हळू ब्रेक लावला.

तुम्ही सुनावणीत शपथेवर सांगितलंत की मला झटके येत नाहीत. आता काय करायचं ते सांगा. दीर म्हणून सांगू नका, डॉक्टर म्हणून सांगा.

वहिनी


७ जून

वहिनी,

गाडी चालवू नका. हे आधी.

न्हाणीघराची कडी लावू नका, दार नुसतं लोटा. स्टुलावर चढून काही काढू नका. मागच्या शेगडीवर भांडं ठेवत जा, पुढच्या नको. उपाशी राहू नका, जागरण करू नका. जवळच्या सरकारी केंद्रात जा आणि नाव सांगा, दुसरं काही लागत नाही. मेंदूचा आलेख काढतील, गोळी सुरू करतील. बऱ्याच लोकांचे झटके एका गोळीवर थांबतात. मी चिठ्ठी दिली असती, पण माझी सही नोव्हेंबरपर्यंत कुठे चालत नाही.

आता बाकीचं. दुपारपासून मी घरातल्या घरात फिरतोय.

परिषदेने मला विचारलं, रुग्णाने तसं सांगितलं होतं का. मी नाही म्हटलं, आणि ते खरं होतं. तुम्ही रुग्णाला विचारलं होतं का, हे त्यांनी विचारलं नाही. मी विचारलं नव्हतं. चार महिने डोकं दुखणाऱ्या माणसाला विचारायचे जे प्रश्न असतात, त्यात हा अगदी वरचा आहे. मी हे विद्यार्थ्यांना शिकवलंय. परिषदेतल्या त्या मुलाला बहुतेक यावरच नापास केलं असेल. तुम्ही माझ्यासमोर बसला होतात, तुमची जीभ तेव्हा नुकती भरून आली असेल. मी ‘आ करा’ म्हटलं असतं तरी दिसलं असतं. पण काय लिहायचं ते फोनवर आधीच ठरलं होतं. लिहायचं ठरल्यावर विचारायचं कशाला?

मी समजत होतो की मी फक्त कंपनीला फसवतोय.

विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं नसतंत, हेही मला दिसतंय. तुम्ही दादासाठी लपवलंत आणि मी तुमच्यासाठी खोटं लिहिलं. दोघं एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसलो होतो. दादा तर दर रविवारी माझ्याशी तास तास बोलायचा, मशीनच्या आवाजात. हवा, क्रिकेट, माझं लग्न का मोडलं. त्याचे डोळे कधी कधी माझ्यावर थांबायचे. मला वाटायचं, त्याला थकवा आलाय.

डेपोला तुम्हीच लिहा. माझं नाव घालायचं असेल तर घाला, परिषद मला पुन्हा बोलावेल, मी जाईन. तुमची सही अजून चालते.

केंद्रात मी बरोबर येऊ का? बाहेरच्या बाकावर बसेन.

तुमचा दीर


१ जुलै

भाऊजी,

तुम्हाला बोलावलं नाही. एकटीने जायचं होतं.

डेपोला लिहिलं. चार ओळी लिहायला दोन दिवस लागले. तुमचं नाव घातलेलं नाही, कारण त्या चार ओळींत तुमचं काही काम नव्हतं. साहेबांनी वाचून कागद पालथा ठेवला. “आत्ता कुठे सगळं निस्तरलं होतं हो,” म्हणाले. मग म्हणाले, “फेब्रुवारीत हसलो होतो ना आपण?” मी म्हटलं, तुम्ही हसला होतात.  बावीस वर्षांत पहिल्यांदा ते मला ‘बसा’ म्हणाले नाहीत. आता वेळापत्रकाच्या खोलीत टेबल दिलंय. कोणती गाडी कुठे किती मिनिटं थांबते हे मला कागद न बघता येतं, तेवढा उपयोग होतो. कंडक्टरबाई दोन आठवडे बोलली नाही. तिचा मुलगा माझ्या गाडीने शाळेत जायचा.

केंद्रात गर्दी होती. नाव सांगितलं, नंबर मिळाला. डोक्याला तारा चिकटवून आलेख काढला, केसांत अजून तो चिकट लेप आहे, निघता निघत नाही. मग तपासणारी डॉक्टर आली. अगदी तरुण, पडद्याकडे बघत बघत विचारणारी. नाव, वय, काम. मग म्हणाली, “याआधी कधी झटका आला होता?”

मी घरून तयारी करून गेले होते, भाऊजी. कुठून सुरू करायचं ते ठरवलं होतं. ह्यांचं मशीन, विमा, न्हाणीघर, तुम्ही, सगळं. रस्त्याने ओठ हलवत गेले. आणि तोंडातून एवढंच निघालं, “दोनदा.”

तिने लिहून घेतलं. का सांगितलं नाही, कुणाला सांगितलं नाही, गाडी का चालवत होतात, काही विचारलं नाही. मी थांबून राहिले. तिला वाटलं मला ऐकू कमी येतं, म्हणून पुढचा प्रश्न तिने मोठ्याने विचारला, “झोप नीट लागते का?”

मी म्हटलं, लागते. मग म्हटलं, नाही, लागत नाही.

तिने आधीचं पुसलं आणि ते लिहिलं.

वहिनी